कुलरपुढे थांबलेली सुई

मी एक जुनी सागवानी फळी आहे, मित्रांनो. फळी म्हटल्यावर तुम्ही नाक मुरडाल, हे मला ठाऊक आहे. घड्याळाचं, शिलाई मशीनचं, गेला बाजार एखाद्या छत्रीचं आत्मवृत्त असू शकतं. फळीला कसलं आलंय आयुष्य? पण माझ्या अंगावर पितळी खिळे आहेत, खिळ्याखिळ्यांमध्ये वीज अडवणारे, रंगीत पट्ट्यांचे रेझिस्टन्स जोडलेले आहेत, डावीकडे एक काळी घुंडी आहे आणि उजवीकडे काचेआड एक सुई. नागपूरच्या एका कॉलेजात, फिजिक्सच्या प्रयोगशाळेतल्या कपाटावर माझा मुक्काम असतो. माझ्यावर बोटभर धूळ साचते आणि एका खिळ्याला कोळ्याने घर केलं आहे. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मला सांगायचं आहे ते निराळंच आहे, आणि ते लवकर सांगायला हवं.

मला जयवंताने घडवलं. जयवंता मेश्राम ही या प्रयोगशाळेतली डेमॉन्स्ट्रेटर, म्हणजे मुलांना प्रयोग मांडून देणारी आणि त्यांनी बिघडवलेली उपकरणं पुन्हा नीट करणारी. छप्पन साली बापाच्या खांद्यावर बसून ती दीक्षेला गेली होती. घरात कॉलेजची पायरी चढलेली ती पहिलीच. कुणी काही सांगितलं की ‘काहून?’ असं विचारल्याशिवाय तिचं पुढे पाऊल पडत नसे. या सवयीपायी शाळेत तिने मार खाल्ला, कॉलेजात बक्षिसं मिळवली आणि नोकरीत बरीचशी नाराजी. मी तिला सर्वांत जवळून पाहिलं आहे. काम करताना ती ओठ आत ओढून घ्यायची आणि माझ्या कडेवर बोटांनी हलके हलके वाजवत बसायची.

तिचे विभागप्रमुख म्हणजे विश्वनाथ सर. पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, बोलायला मोकळे आणि रागवायलाही मोकळे. प्रताप नगरच्या पलीकडे एक लहानसं धर्मादाय प्रसूतिगृह होतं. तिथे अपुऱ्या दिवसांची लेकरं जन्मायची आणि पहाटेच्या गारव्यात हातची जायची. परदेशी यंत्र घेणं त्या दवाखान्याच्या आवाक्याबाहेरचं. तेव्हा सरांनी मनावर घेतलं आणि स्वतः एक पेटी बनवली. लाकडी पेटी, वर काचेचं झाकण, तळाशी ऊब देणारी तार आणि मागच्या बाजूला पत्र्याच्या डबीत एक ट्रान्झिस्टर. पेटी गार झाली की ट्रान्झिस्टरने तार चालू करायची, पुरेशी ऊब आली की बंद करायची. तार चालू असली की बाहेर एक लाल दिवा लागे. सरांनी या कामाची एक पैही घेतली नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढची गोष्ट ऐकून तुम्ही त्यांना वाईट माणूस म्हणाल आणि ते खरं नाही.

मग माझी गरज काय पडली? ऐका. तेव्हा मोठे सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर नागपुरात सहज मिळत नसत. सीताबर्डीच्या रेडिओवाल्याकडे मिळाला तो जर्मेनियमचा. जर्मेनियमला एक वाईट खोड असते. तो बंद असतानाही त्यातून थोडी वीज झिरपत राहते. तो तापला की जास्त झिरपते, आणि जास्त झिरपली की तो आणखी तापतो. हे एकदा हाताबाहेर गेलं की बंद असलेला ट्रान्झिस्टर आपोआप चालू होऊन बसतो. जयवंताला ही भीती पहिल्या दिवसापासून होती. पण ट्रान्झिस्टरच्या पोटातला जर्मेनियमचा तुकडा तिळाएवढा; त्याला थर्मामीटर लावणार कुठे?

म्हणून तिने मला घडवलं. मोडक्या बाकाची फळी घासून तिने माझ्यावर उष्णतेची वाट मांडली. आतल्या तुकड्यातून धातूच्या बुडाकडे, बुडाकडून अभ्रकाच्या चकतीतून अॅल्युमिनियमच्या पट्टीकडे आणि पट्टीकडून बाहेरच्या हवेत. या वाटेत जिथे उष्णता अडते, तिथे तिने तेवढा रेझिस्टन्स लावला. माझ्यात वीज वाहते ती उष्णता समजायची आणि सुई चढते तो ताप समजायचा. शेवटचा खिळा म्हणजे बाहेरची हवा. जयवंता घुंडी फिरवून वीज सोडायची, सुई बघायची, एवढ्या तापाला गळती किती वाढेल ते आलेखावर पाहायची आणि तेवढी घुंडी पुढे सरकवायची. पुन्हा सुई, पुन्हा आलेख, पुन्हा घुंडी. सुई थोडी थोडी चढत एका जागी थांबली, तर ट्रान्झिस्टर शाबूत राहील. थांबलीच नाही, तर तो घात करील. माझं सगळं आयुष्य एवढ्या एका प्रश्नासाठी होतं.

माझे बाकीचे रेझिस्टन्स तिने पुस्तकातून काढले, पण शेवटचा, पट्टी आणि हवा यांच्यामधला, पुस्तकात सापडण्यासारखा नव्हता. पट्टीची उष्णता हवा किती चटकन उचलते, ते प्रत्यक्ष मोजावं लागतं. त्यासाठी तिने तांब्याची आणि कॉन्स्टंटन नावाच्या मिश्रधातूची तार पिळून तिचं टोक पट्टीला चिकटवलं. अशा जोडटोकाला ऊब लागली की त्यातून इवलीशी वीज निघते, आणि त्या विजेवरून ताप कळतो. मोजमाप अगदी काटेकोर झालं. तिच्या हाताला कुणी नाव ठेवू शकलं नसतं.

आता नागपूरच्या माणसांची एक गंमत सांगते. फाल्गुन उतरणीला लागला की त्यांचे पाय आपोआप कुलरकडे वळतात. आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीत पत्र्याचा एक दांडगा कुलर होता. खसच्या ताट्या भिजल्या आणि पंखा घरघरायला लागला की सगळी टेबलं हळूहळू त्याच्याकडे सरकायची. सर तिथेच डबा खायचे, मुलं तिथेच जर्नल लिहायची, शिपाई तिथेच डुलक्या काढायचा. तसंच पेटीचं टेबलही सरकलं. कुणी सांगितलं नाही, कुणी ठरवलं नाही. उन्हाळ्यात काम म्हणजे कुलरपुढेच, हे जसं सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं तसं तिच्याही. ‘काहून’ विचारणाऱ्या जयवंताने तेवढं एक विचारलं नाही.

त्या गार, भरभर वाऱ्यात पट्टी छान निवायची. मोजमापातून शेवटचा रेझिस्टन्स लहान निघाला. तिने तो माझ्यावर डाख देऊन बसवला, घुंडी फिरवली, आणि सुई जराशी चढून शहाण्या मुलीसारखी थांबली. सर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, शाबास. सगळ्यांना संत्रा बर्फी वाटली. वर्तमानपत्रवाला आला, त्याने पेटीचा फोटो काढला. त्या फोटोत कोपऱ्यात मीही आहे. सर पाहुण्यांना घेऊन यायचे आणि माझी सुई थांबवून दाखवायला सांगायचे. मी थांबवून दाखवायची. पण मित्रांनो, मला जे विचारलं त्याचंच उत्तर मी देऊ शकते. मी तर कुलरपुढच्या ट्रान्झिस्टरचं उत्तर देत होते.

पेटी दवाखान्यात गेली. दिवस अजून सोसवतील असे होते. त्या पेटीत काही लेकरं निभावली, आणि दवाखान्यातल्या बायका पेटीला हळदकुंकू लावायला लागल्या. मग चैत्र आला. आमच्याकडचा चैत्र म्हणजे पहाटे अंगावर चादर हवी आणि दुपारी भिंतीला हात लावावा तर चटका. अशा दिवसांत अंजनाबाईला जुळ्या मुली झाल्या. अंजनाबाईचा नवरा रुपराव कोराडीच्या वीजघरात कोळशाच्या वाघिणी रिकाम्या करायचा. मुली दोन आणि पेटी एक. मोठी जास्त अशक्त होती, म्हणून तिला पेटीत ठेवलं आणि धाकटीला आईजवळ. एका दुपारी मोठी पेटीतच गेली.

एवढीशी लेकरं जातातच, असं डॉक्टर म्हणाले. पण तिथल्या नर्स सिंधूताई म्हणत राहिल्या की मी लेकरू उचललं तेव्हा पेटी भलती तापलेली होती. उलट त्यांनाच विचारणा झाली, तुमचं लक्ष कुठे होतं? त्या वेळी त्या दुसऱ्या एका बाळंतिणीपाशी होत्या. दवाखान्यात त्यांच्याविषयी कुजबुज सुरू झाली. तरी खात्री केलेली बरी म्हणून पेटी आमच्याकडे तपासायला आली.

आणि पेटी उत्तम चालली. हीच गोष्ट मला सगळ्यांत भयंकर वाटते. सरांनी ती नेहमीच्या टेबलावर ठेवली, कुलर घरघरत होता, दिवा लागत होता, विझत होता, लागत होता, विझत होता. जयवंताने पुन्हा जोडटोक लावून पट्टी तपासली. काही दोष नाही. तिने मला खाली उतरवलं, सुई पाहिली. सुई थांबली. सरांनी पेटी निर्दोष असल्याचं सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. किती दिवसांनी त्यांनी डबा पुरता संपवला. पेटी निर्दोष, म्हणजे दोष सिंधूताईंचा, हे कुणी तोंडाने बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती.

इकडे धाकटीही वाळत चालली होती. पहाटेच्या गारव्यात तिचे पाय निळे पडायचे. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत पेटी आली तर हिला आजच आत ठेवू. दवाखान्याला गाडी नव्हती. म्हणून रुपराव स्वतःच सायकलरिक्षा घेऊन पेटी न्यायला आला. सोबत सिंधूताई होत्या, कारण पेटी धरून बसायला कुणीतरी हवं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा मी रुपरावला पाहिलं. नखांत कोळसा, डोळे तांबारलेले, अंगात लग्नातला असावा असा धुतलेला सदरा. तो दारातच चपला काढून उभा राहिला आणि त्याने पेटीला लांबूनच नमस्कार केला.

“बाई,” तो जयवंताला म्हणाला, “पोरीची माय वाट पाहून राहिली. पेटी आली का धाकटी वाचते, असं म्हणते.”

जयवंताने मान हलवली. सर दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांशी आणि दोन प्राध्यापकांशी बोलत कुलरपुढे उभे होते. डॉक्टर पेटी ताब्यात घ्यायला आले होते. शिपाई पेटीला दोरी बांधायला लागला. सिंधूताई कुणाच्या नजरेला नजर न देता भिंतीशी उभ्या होत्या. जयवंताने त्यांना पाणी दिलं आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, की तुमच्या खोलीत पेटी कुठे ठेवता, कुलरच्या समोर की बाजूला?

सिंधूताईंनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू हिला भलतंच काही सुचलं आहे.

“कुलर? लेकराच्या खोलीत? अवं बाई, तिथं आमी पंखाबी लावत नाई. कोवळ्या जिवाले वारा बाधते. खिडक्या बंद करतो आन् परदे ओढून घेतो.”

जयवंता गर्रकन वळली. तिने कुलरकडे पाहिलं. मग पेटीकडे. मग माझ्याकडे. मित्रांनो, मी फळी आहे, मला अंग शहारणं ठाऊक नाही. पण त्या क्षणी माझ्या खिळ्यांतून काहीतरी सरकलं एवढं मात्र खरं. जिथे पेटी तपासली तिथे वारा होता. जिथे पेटी राहणार होती तिथे वारा असणं शक्यच नव्हतं. लेकराची काळजी करणारी कुठलीही बाई तिथे वारा येऊ देणार नव्हती.

ती सरळ माझ्यापाशी आली. शेवटचा लहान रेझिस्टन्स तिने डाख वितळवून काढला आणि मोठा बसवला, बंद खोलीतल्या हवेचा असावा तसा. बाहेरच्या हवेच्या खिळ्यालाही तिने दुपारच्या तापाएवढा विजेचा दाब दिला. घुंडी फिरली, सुई चढली. आलेख, घुंडी, सुई. आलेख, घुंडी, सुई. दर खेपेला मी मागच्यापेक्षा मोठी उडी घेत होते. मला थांबायचं होतं. मी थांबू शकत नव्हते. शेवटी सुई काचेच्या टोकाला जाऊन टेकली आणि तिथेच राहिली.

तिने सरांना हाक मारली. सरांनी पाहिलं. त्यांना कळायला वेळ लागला नाही, ते हुशार होते. पण कळलेलं गळ्याखाली उतरेना. ते म्हणाले, की ही शेवटी लाकडाची फळी आहे, हिच्यावर अंदाज होतो, न्याय होत नाही. पेटी आत्ता आपल्यासमोर चालली की नाही? डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. दारात रुपराव उभाच होता.

“सर,” जयवंता म्हणाली, “कुलर बंद करा. खिडक्या लावून घ्या. पेटी इथेच चालू द्या. मग न्यायची तर खुशाल न्या.”

सरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. भर दुपारी, चैत्रात, नागपुरात कुलर बंद करा म्हणणं म्हणजे वेडेपणाच. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग पेटीकडे पाहिलं आणि स्वतः जाऊन बटण बंद केलं. घरघर थांबली. इतके दिवस ती घरघर आमच्या कानात बसली होती की ती थांबल्यावर खोली एकदम परकी वाटली. शिपायाने खिडक्या लावल्या. सिंधूताईंनी आपल्या पिशवीतून एक धुतलेलं दुपटं काढलं आणि लेकराला ठेवतात तसं घडी करून पेटीत ठेवलं. झाकण लागलं.

खोली तापायला वेळ लागला नाही. आधी एक प्राध्यापक पाणी पिऊन येतो म्हणून गेले. मग दुसरे त्यांना शोधायला गेले. डॉक्टरांनी रुमालाने मान पुसली, पुन्हा पुसली आणि व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. शिपाई तर केव्हाच कडुनिंबाखाली पोचला होता. आत उरल्या जयवंता, सिंधूताई आणि उंबऱ्यावर सर. त्यांना धड आतही यावंसं वाटत नव्हतं आणि बाहेरही जाववत नव्हतं.

पेटीवरचा लाल दिवा विझला. विझायलाच हवा होता. खोलीतच एवढी ऊब होती की तारेची गरजच नव्हती. सरांनी सुटकेचा श्वास सोडला. “पाहिलंत?” ते हळूच म्हणाले. जयवंता दिव्यावरून नजर हलवत नव्हती. तिच्या हनुवटीवरून घामाचे थेंब माझ्यावर पडत होते.

मग दिवा पुन्हा दिसायला लागला. लागला असं म्हणता येणार नाही. काळ्या काचेआड फक्त एक मळकट तांबूसपणा आला, राखेखालच्या निखाऱ्यासारखा. तार बंद असायला हवी होती आणि ट्रान्झिस्टर गळत होता. तांबूसपणा होता तसाच राहिला असता तरी चाललं असतं. तो राहिला नाही. तो सावकाश, कुणाचीही घाई नसल्यासारखा वाढत गेला.

सिंधूताई पुढे झाल्या. पदर तोंडाशी नेऊन त्या दिव्याकडे पाहत राहिल्या.

“त्या दिवशीबी असाच होता,” त्या म्हणाल्या. “असाच मंद. मले वाटलं, विझून राहिला. म्हून मी गेली दुसऱ्या बाईपाशी.”

दिवा आता लख्ख लाल झाला होता. जयवंताने पत्र्याच्या डबीला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. झाकणातून दिसणारा थर्मामीटरचा पारा चढत होता, थांबायचं नाव घेत नव्हता. दुपट्याला इस्त्रीसारखा वास सुटला. शेवटी सरांनीच पुढे होऊन पेटीची वायर उपटली. त्यांच्या हातात ती बराच वेळ तशीच लोंबत राहिली.

दाराशी हालचाल झाली. रुपराव आत आला होता. त्याने किती पाहिलं, किती ऐकलं, मला ठाऊक नाही. त्याने झाकण उघडलं, दुपट्याखाली हात घातला आणि हात तिथेच ठेवला. मग त्याने विचारलं, अगदी साध्या आवाजात, रस्ता विचारावा तसं.

“मोठी याच्यानंच गेली का?”

सर म्हणाले, की तसं नक्की सांगता येत नाही, लेकरू मुळात अशक्त होतं, अनेक कारणं असतात. त्यांचं वाक्य लांबत गेलं. डॉक्टर दारातून आत येऊन त्यांच्या वाक्याला टेकू द्यायला लागले. जयवंता मधे बोलली. वरिष्ठांचं बोलणं तिने असं कधी तोडलं नव्हतं.

“हो, भाऊ. याच्यानंच. आम्ही ही वाऱ्यात तपासली. तिला वारा नव्हता.”

मला वाटलं तो ओरडेल, पेटी उचलून आपटेल. त्याने तसं काही केलं नाही. त्याने हात बाहेर काढला, सदऱ्याला पुसला आणि एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. सरांकडे, डॉक्टरांकडे, जयवंताकडे.

“मंग धाकटीले कुठं ठेवू?”

इतकी शिकलेली माणसं त्या खोलीत होती, मित्रांनो. भिंतीवर समीकरणांचे तक्ते होते, कपाटं भरून पुस्तकं होती, आणि मी होते. जयवंता खाली बसली. तिने दोन्ही हातांत तोंड झाकलं आणि पहिल्यांदाच मी तिला रडताना पाहिलं.

उत्तर दिलं ते सिंधूताईंनी, तेही उत्तर म्हणून नव्हे. त्यांनी रुपरावच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, चाल गा, मायच्या छातीशी बांधू तिले, ती थकली का मी बांधतो. दोघं रिकाम्या रिक्षातून परत गेली. त्या दिवसापासून पहाटेच्या वेळी अंजनाबाई, सिंधूताई, अंजनाबाईची सासू, जी हाताशी असेल ती बाई धाकटीला उराशी धरून पदरात गुंडाळून बसायची. धाकटी वाचली. सिंधूताईंनी स्वतः येऊन जयवंताला ते सांगितलं. जयवंताने ऐकलं, मान हलवली आणि मोठीचं नाव ठेवलं होतं का, एवढंच विचारलं. ठेवलं नव्हतं.

सरांनी डॉक्टरांना झालं ते सगळं लिहून दिलं आणि सिंधूताईंवरचा ठपका गेला. पेटी त्यांनी पुन्हा बनवली नाही. ते त्या कुलरपुढे पुन्हा डबा खायलाही बसले नाहीत, लांब कोपऱ्यात घामाने निथळत बसायचे. जयवंता पुढे बरीच वर्षं इथे होती. प्रत्येक नव्या वर्गाला मला दाखवताना ती आधी कुलर बंद करायची. मुलं कुरकुरायची. ती म्हणायची, जी वस्तू जिथे राहणार तिथली हवा आधी अंगावर घ्या, मग सुई बघा. तेव्हा माझ्यावर मोठा रेझिस्टन्स होता आणि माझी सुई थांबत नसे. मुलांना ते आवडत नसे, पण त्यांना भीती कळायची.

मग तिची बदली अमरावतीला झाली. जाताना तिने माझ्यावरून ओला फडका फिरवला, नेहमीसारखी माझ्या कडेवर बोटं वाजवली आणि निघून गेली. तिच्यानंतर आलेल्यांना न थांबणारी सुई सोयीची वाटेना. परीक्षेत मुलांना काहीतरी वाचन लिहायला हवं. टोकाला जाऊन टेकलेल्या सुईचं वाचन काय लिहिणार? कुणीतरी मोठा रेझिस्टन्स काढला आणि खणात पडलेला लहान पुन्हा बसवला. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. आता मी पुन्हा शहाण्या मुलीसारखी थांबते, आणि दर वर्षी मुलं माझ्याकडे बघून जर्नलात लिहितात, यंत्र सुरक्षित आहे.

हे सगळं आत्ताच का सांगते आहे, ते ऐका. समोरच्या टेबलावर सध्या एक नवे तरुण सर बसतात. ते मनापासून काम करतात, त्यांना चहाचीही शुद्ध नसते. ते एक नवी पेटी बनवत आहेत. ती उमरेडकडे एका खाणीवर जायची आहे म्हणे, माणसं खालच्या कोंदट, बिनवाऱ्याच्या बोगद्यात उतरली की त्यांना धोक्याची खूण देणारी. काल त्यांनी मला कपाटावरून उतरवलं, फुंकर मारून धूळ उडवली, घुंडी फिरवली. सुई जराशी चढली आणि थांबली. त्यांचा चेहरा खुलला. त्यांच्या केसांवर कुलरचा गार वारा येत होता.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुमच्याकडे तेल मागतात, फडका मागतात, अडगळीतून सुटका मागतात. मला त्यातलं काही नको. खुशाल धूळ बसू द्या माझ्यावर. पण तुमच्यापैकी कुणी या बाजूला आलात, तर खिडकीतलं ते बटण बंद करा आणि त्या सरांना थोडा वेळ घामात बसवा. त्यांनी आज पेटीला दोरी बांधायला शिपायाला सांगितलं आहे.